रडण्यासाठी लिहिलेले नाटक

काल्मेतने पहिले नाटक लिहिले तेव्हा आपल्या या बेटांच्या देशावर दोन सरकारे नांदत होती. एक इंग्रजांचे, एक फ्रेंचांचे; दोन पोलीसखाती, दोन कायदे, दोन तुरुंग, आणि या दोहोंच्या फटीत आपण सगळे. मिशनच्या शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवणाऱ्या या विशीतल्या मास्तराने त्या फटीचेच नाटक केले. एका माणसाचे डुक्कर हरवते. तो तक्रार द्यायला जातो, तर त्याचा उजवा हात इंग्रजांचा शिपाई धरतो आणि डावा फ्रेंचांचा. दोघे त्याला आपापल्या कोठडीकडे ओढू लागतात. मधल्या मध्ये ताणला जाणारा तो बिचारा विचारतो, की बाबांनो, कोठडीत मटण कुणाकडे मिळते तेवढे आधी सांगा, म्हणजे मीही त्या बाजूला जरा जोर लावतो.

चर्चच्या आवारातल्या वडाखाली हे नाटक झाले तेव्हा बायका चटयांवर लोळून हसल्या. हरवलेल्या डुकराचा आवाज वडामागून काल्मेतचा धाकटा भाऊ ओबेद काढीत असे, आणि तो इतका हुबेहूब, की गावातली खरी डुकरे त्याला साद देत. ताणला जाणारा माणूस म्हणजे ओबेदचा जिवलग मित्र रूबेन. अंगाने आडवा, गळ्याने त्याहून आडवा. ही मंडळी होडीने बेटोबेटी हिंडली. काल्मेतला तेव्हा वाटे, की लिहायचे म्हणजे लोकांच्या पोटात अडकलेले काहीतरी मोकळे करायचे. हे मत त्याने पुढेही बदलले नाही. लिहिणे मात्र बदलत गेले, आणि इतके हळूहळू, की नेमके कधी बदलले ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

स्वातंत्र्य आले. दोन झेंडे उतरले, एक चढला. काल्मेतने नवे नाटक लिहिले: मंत्री झालेला माणूस गावी परततो आणि त्याला चटईवर बसता येत नाही, गुडघे मोडायचेच तो विसरला आहे. लोक हसले, पण या वेळी आधी इकडे-तिकडे बघून हसले. तोवर त्याची नाटके रेडिओवर वाचली जात. या नाटकानंतर रेडिओवाल्यांकडून निरोप येणे थांबले. कुणी नकार दिला नाही. आपल्याकडे नाही म्हणत नाहीत, पुढे बघू म्हणतात. आणि त्या ‘पुढे’त माणसे म्हातारी होतात. राजधानी विलामधल्या ज्या सभागृहात प्रयोग होत, त्याचे छप्पर चक्रीवादळाने नेले. भिंती पुष्कळ दिवस उभ्या होत्या. मग त्यांचे दगडही लोकांनी नेले.

त्याच सुमारास ओबेद गेला. जिच्यापासून गुंगी आणणारे पेय करतात त्या कावाच्या मुळ्यांची पोती बाजारात घालायला तो पहाटे एकटाच यंत्राची होडी घेऊन विलाला निघाला, आणि होडीही सापडली नाही, तोही सापडला नाही. गावाने चार दिशांना होड्या धाडल्या. शोधणारे रिकाम्या हातांनी परतले तेव्हा बायका चटया काखोटीला मारून काल्मेतच्या आईच्या दाराशी जमल्या. माणूस गेला की हंबरडा फोडायचा, ऐकणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपला गळा मिसळायचा, आणलेली चटई मृताच्या नावाने अंथरायची. तिथून पुढे जेवणावळी आणि शेवटचे मोठे जेवण. ते झाले, की मेलेला सुटतो आणि मागे राहिलेलेही सुटतात. पण आई दारात आडवी उभी राहिली. समुद्राने परत दिलेला नाही, तोवर माझा पोर मेलेला नाही, असे ती म्हणाली. बायका चटया गुंडाळलेल्याच घेऊन घरी गेल्या.

पुढे कुणी म्हणे ओबेदला परमुलखातल्या नूमेआच्या धक्क्यावर ओझी वाहताना पाहिले. कुणी म्हणे त्याने तिकडे संसार थाटला. आई ते सारे ऐकून घेई. शोकात घरच्यांनी एखादा आवडीचा पदार्थ सोडायचा आणि शेवटच्या जेवणात तो पुन्हा तोंडी लावायचा, ही रीत. आई आणि थोरली बहीण लेइमास यांनी भाजलेला नीरफणस सोडला होता, कारण ओबेदला तो जीव की प्राण. शेवटचे जेवण झालेच नाही. आई तशीच गेली, आणि लेइमासने तिचे दार राखायचे काम आपल्याकडे घेतले. ओबेदला जिवंत ती मानीत होती असे नाही. मेलेला म्हणायला मात्र तिची जीभ वळत नसे, आणि तिची वळेना म्हणून गावाचीही वळत नसे. ओबेद गेला त्याच वर्षी काल्मेतने त्याच्यावर नाटक लिहायला घेतले होते. पहिला प्रवेश झाला. मग संसार वाढला, बिऱ्हाड विलाला गेले, आणि प्रवेश ट्रंकेच्या तळाशी गेला.

ट्रंकेत त्यावर पुढे जे साचत गेले ते आरोग्य खात्यासाठीचे लिखाण. खात्यातली एक परदेशी बाई एके दिवशी शाळेत आली. हिवतापाने पोरे मरतात, मच्छरदाण्या वाटल्या तर लोक त्यांनी मासे पकडतात, तेव्हा आमच्यासाठी नाटक लिहाल का, असे तिने विचारले. बाई मनाने चांगली होती. तिने नियम समजावून सांगितले. एक चुकणारा असावा, एक शहाणा. चुकणाऱ्याने आजारी पडावे, पण मरू नये. मरण पाहिले की लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस ऐकत नाही. शिकवण तीनदा यावी: एकदा गमतीत, एकदा रडत, एकदा सरळ. शेवटी पात्रांनी प्रेक्षकांना विचारावे, आज काय शिकलात? नीट सांगेल त्याला सदरा.

काल्मेत या कामात तरबेज झाला. मच्छरदाणीमागून संडास आले, हात धुणे आले, लसी, मतदान, वादळाची तयारी आणि ज्याचे नाव गावच्या प्रमुखांसमोर घेता येत नाही ते रबरी प्रकरणही आले. रडत शिकवायचा भाग रूबेनकडे असे. फुलाफुलांचा घोळदार झगा घालून, छातीशी दोन नारळ बांधून, तापलेल्या पोराची आई बनून तो असा हंबरडा फोडी, की पोर झालेला नट हातांत तोंड लपवून खदखदत असे. ‘रूबेनचा हंबरडा’ बेटोबेटी इतका गाजला, की होडी किनाऱ्याला लागण्याआधीच पोरे वाळूत तो काढून दाखवीत. एरवी कावा पिताना रूबेन बढाई मारी, की देशात आजवर माझ्याइतकं कुणी रडलेलं नाही, आणि एक थेंब खरा असेल तर शपथ.

या नाटकांना हसणे सोपे आहे. काल्मेत स्वतः कधी हसला नाही. एका डोंगरी गावात एक तरणी बाई कोंबडी घेऊन त्याच्यापुढे आली होती. आधीची दोन गेली, हे तिसरं तुमच्या नाटकातल्या जाळीत निजतं, असे म्हणाली. कोंबडी त्याने घेतली. तेव्हापासून कुणी त्याच्या जुन्या नाटकांची आठवण काढली, की तो त्या बाईची गोष्ट सांगे.

असे जाता जाता केस पांढरे झाले. गावच्या चर्चला इतकी वर्षे झाली म्हणून उत्सव ठरला, तेव्हा प्रमुखाने निरोप धाडला: मास्तर, नाटक आणा, विषय तुमचा, खातं मध्ये नाही. काल्मेतने विषय शोधला नाही. तो विलाच्या घरात ट्रंकेपुढे बसला. गावासमोर ओबेदचे नाटक करायचे, शेवटी रंगभूमीवरच्या आईने हंबरडा फोडायचा, आणि तो ऐकल्यावर गावाला रीतीप्रमाणे गळा मिसळणे भागच पडेल. एकदा गाव रडले, की ओबेद मेला. मग चटया अंथरता येतील, जेवण घालता येईल, लेइमास दारातून बाजूला होईल. चर्चमध्ये प्रवचन करून जे झाले नव्हते, बहिणीची समजूत काढून झाले नव्हते, ते नाटक करील, असे त्याला वाटले. नाटकाशिवाय दुसरे हत्यार त्याच्यापाशी नव्हतेही.

लिहायला बसला आणि भ्याला. जुना प्रवेश चांगला होता; कोण्या परक्या तरुणाने लिहिला असावा इतका चांगला. त्यापुढचा प्रवेश किनाऱ्यावरच्या निरोपाचा. त्याने आईच्या तोंडी पहिले वाक्य घातले: हवामानाची बातमी ऐकलीस ना? ते खोडले. दुसरे आले: पिण्याचं पाणी घेतलंस का, बाळा? तेही खोडले. ओबेदला बोलू द्यावे म्हटले, तर ओबेद प्रेक्षकांकडे तोंड करून सांगू लागला, की समुद्रावर एकट्याने जाऊ नये. दिवसचे दिवस असे गेले. ज्या पात्राला हात लावावा ते शहाणे निघे, नाही तर चुकणारे निघे; माणूस कुणी निघेना. ओबेद निघाला त्या पहाटे काल्मेत स्वतः किनाऱ्यावर होता. आई काहीतरी म्हणाली होती, आणि ओबेद त्यावर हसला होता. काय म्हणाली, हे आठवण्याची तो शिकस्त करीत होता, आणि आठवत होती ती फक्त त्याचीच, इतक्या वर्षांत नाना आयांच्या तोंडी घातलेली वाक्ये. आईचे खरे वाक्य त्यांच्याखाली कुठे गाडले गेले कोण जाणे.

अखेरीस त्याने निरोपाचा प्रवेश मुका ठेवला. शब्दांवर भरवसा उरला नव्हता, म्हणून शेवटही बिनशब्दांचा केला: रिकामा किनारा, आणि हंबरडा.

आईचे काम त्याने मेरियान नावाच्या, पथकात नव्याने आलेल्या मुलीला दिले. रूबेनला हे कळले तेव्हा तो कावाची करवंटी हातात धरून तसाच बसला.

“मला काढलंस तू,” तो म्हणाला.

“तुला बघितलं की लोक हसतात, रूबेन.”

“मग हसू देत की. इतकी वर्षं तुला तेच तर हवं होतं.”

“ओबेदच्या नावानं नको.”

रूबेनने करवंटी रिकामी केली आणि तोंड पुसले. ओबेद तुझा भाऊ होता हे मान्य, तो म्हणाला, पण त्या होडीत पोती मी चढवली होती. मग जरा मवाळपणे तो म्हणाला, की ठीक आहे, मी आपला खाली लोकांत बसेन.

लेइमासला सांगायला काल्मेत आधी गावी गेला. ती चुलीपाशी तापलेले दगड चिमट्याने हलवीत होती, किसलेल्या कंदांचा लापलाप भाजण्यासाठी. तिने सगळे ऐकून घेतले. नाटकात मेला म्हणून माणूस मरतो होय, तिने विचारले. तो म्हणाला, गाव रडलं तर मरतो, ताई. ती दगड हलवीत राहिली.

“आणि नाही रडलं तर?”

“माझ्या नाटकाला गाव आजवर आलं नाही असं झालंय का?”

“येतं रे. येण्याचं कोण विचारतंय?”

तरी उत्सवाच्या दिवशी ती आली. उन्हे कलली होती, वडाखाली सारे गाव बसले होते, आणि लेइमास सर्वांत मागे, काखेत गुंडाळलेली नवी चटई घेऊन उभी होती. काल्मेतने ती चटई पाहिली. तिच्या काठाला जांभळी वेलबुट्टी होती. अशी चटई एका आठवड्यात विणून होत नाही. त्याचा जीव इतका मोठा झाला, की नाटक सुरू झाल्याची खूण करायचे तो विसरला आणि मेरियानलाच त्याला कोपराने ढोसावे लागले.

नाटक चांगले चालले. ओबेदचे काम करणाऱ्या पोराने डुकराचा आवाज काढला तेव्हा म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघून हळू हसल्या, आणि त्या हसण्यात ओळख होती. मुका निरोप झाला. होडी गेली. किनारा रिकामा राहिला, आणि इतकी शांतता पडली, की वडावरून पिकले फळ पडल्याचे ऐकू आले. मग मेरियानने तोंड उघडले.

पोरीने हंबरडा खरोखर फोडला. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोक्यावरची फडकी डोळ्यांना लावली. एकीने गळा काढायला मान वर केली. आता मिसळणार, असे काल्मेतला दिसले. आणि त्याच क्षणी लोकांच्या मधोमध बसलेला रूबेन उठला. रीतीप्रमाणेच उठला. मित्र मेल्याचा हंबरडा कानी आला, तेव्हा आपला गळा मिसळायला उठला. इतकी वर्षे छातीत धरून ठेवलेले त्याने सोडून दिले, आणि ओबेदचे नाव घेऊन तो रडला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते.

आधी पोरे हसली. मग त्यांच्या आया. तो आवाज त्यांनी झग्यातून आणि नारळांमागून इतक्या वेळा ऐकला होता, की त्याखाली दुसरे काही असेल असे कुणाच्या मनात येणे शक्य नव्हते. रूबेनला खास लोकांत बसवून ठेवले होते, मास्तरांची काय ही युक्ती, असे त्यांना वाटले. कुणी ओरडले, झगा कुठाय रे? डोळ्यांना फडके लावलेली बाईसुद्धा त्या फडक्याआड हलू लागली, आणि ते हलणे रडण्याचे नव्हते. मेरियान गोंधळून थांबली. रूबेन थांबला नाही. तो जितका रडे तितके गाव हसे, आणि ते ऐकून तो अधिकच रडे. शेवटी श्वास संपला तेव्हा तो मटकन खाली बसला. शेजारच्याने शाबासकी म्हणून त्याची पाठ थोपटली.

टाळ्या झाल्या. कुणी उठून गेले नाही, कारण प्रश्न व्हायचे होते. पात्रे विचारीनात, तेव्हा चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ स्वतः उभे राहिले आणि त्यांनी मुलांना विचारले, आज काय शिकलात? एका चुणचुणीत मुलीने हात वर केला. समुद्रात जाताना तरंगायचं जाकीट घालावं, ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सदरा मिळतो का म्हणून ती काल्मेतकडे पाहू लागली, तिच्यामागे प्रमुख पाहू लागला, आणि मग सारे गाव. उत्तर बरोबर आहे ना, मास्तर?

काल्मेतने मागे उभ्या असलेल्या लेइमासकडे पाहिले. चूक आहे, एवढे म्हणायचे होते. त्याने तोंड उघडले.

“बरोबर,” तो म्हणाला. “आणि निघण्याआधी रेडिओवर हवामान ऐकावं. जास्तीचं इंधन घ्यावं. कुठे जातो ते घरी सांगून जावं.”

हे त्याने तीन निरनिराळ्या सुरांत सांगितले, जसे सांगायचे असते. सांगत असताना त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू येत होता, आणि तो आवाज स्वच्छ, खणखणीत, समाधानी होता. बोलणे संपले तेव्हा लेइमास चटईसकट घराकडे निघाली होती. रूबेन वडाच्या मुळांवर बसून होता आणि पोरे त्याला पुन्हा एकदा करून दाखवायची गळ घालीत होती. काल्मेत त्याच्याजवळ जाऊन बसला. त्यानंतर रूबेनने कुठल्याही नाटकात काम केले नाही.

नाटकाची कीर्ती मात्र विलापर्यंत गेली. बेटांमधल्या होड्यांचे अपघात कमी व्हावेत म्हणून काम करणारे एक नवे कार्यालय निघाले होते. त्यांचा माणूस काल्मेतकडे आला. तरुण होता, आदराने बोलत होता. नाटक फार उपयोगी आहे, म्हणाला. बदल एकच हवा. शेवटी तो मरतो, ते नको. त्याला जाकीट घालू द्या आणि घरी परत आणा. लोकांना आशा हवी असते.

काल्मेतने वेळ मागितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिहायला बसला आणि दुपारच्या जेवणाआधी उठला. एकही शब्द खोडावा लागला नाही. ज्या आईचे एक वाक्य त्याला आठवत नव्हते, ती आई पानेच्या पाने बोलली. किनाऱ्यावर तिने ओबेदला चार सूचना दिल्या, आणि ओबेद त्या पाळून, नारिंगी जाकिटातून पाणी निथळत, तिच्या कुशीत परत आला. नाटक गाजले. पुष्कळ बेटांवर झाले, शाळांमधून झाले. ज्या रेडिओने त्याचे नाव टाकले होते, त्याने हे नाटक पुन्हापुन्हा ऐकवले.

लेइमासच्या घरी काल्मेत त्यानंतर गेला तो यामच्या कंदांच्या काढणीच्या वेळी. तिने त्याच्यापुढे पान ठेवले, पाणी ठेवले. ती आता वाकली होती. जेवण झाल्यावर म्हणाली, रेडिओ ऐकला. छान बोलतात सगळे.

“ताई, पुढच्या वर्षी तरी जेवण घालू या,” काल्मेत म्हणाला. “नाटक-बिटक काही नको. आपणच. तू, मी, रूबेन.”

“कशाचं जेवण?”

“ओबेदचं.”

लेइमासने पान उचलले आणि ती दारापाशी जाऊन उभी राहिली.

“आला की तो घरी,” ती म्हणाली. “तूच आणलास. साऱ्या बेटांनी ऐकलं. आता मी चटई अंथरली तर लोक मला काय म्हणतील?”

तिच्या बोलण्यात टोमणा असावा म्हणून काल्मेतने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. टोमणा नव्हता. नाटकातले खरे धरायचे नसते, असे त्याच्या ओठांवर आले. पण उभा जन्म बेटोबेटी हिंडून त्याने लोकांना याच्या नेमके उलटे सांगितले होते, आणि लोकांनी ते ऐकले होते.